पोखराच्या वाटेवर आगळाची बाटली

वसंता,

तुझ्या तेराव्याचं जेवण आटोपून निघालो तेव्हा सुनंदावहिनी दारापर्यंत आल्या. मी चपला पायात सरकवत होतो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, आता वाद कुणाशी घालणार?" आवाजात रडणं नव्हतं. त्या खरंच विचारत होत्या. विक्रोळीहून घाटकोपरपर्यंत हमरस्त्याच्या कडेने चालत घरी आलो आणि चालताना लक्षात आलं, की त्या वादात तुझी बाजू मी कधीच कुणाला नीट सांगितलेली नाही. दोन्ही बाजू द्यायच्या, हे आमच्या पेपरच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. म्हणून हे लिहितो आहे.

तुझ्या निधनाची बातमी मी केली नाही. नाव, वय, आजार, मागे कोण, अंत्ययात्रा कुठून. अशा ओळी रोज माझ्या टेबलावरून जातात आणि मी त्यांतली विशेषणं काढून टाकतो. तुझ्याबद्दलची ओळ दुसऱ्याने लिहिली. तिच्यात चूक नव्हती. तूही नव्हतास.

वाद एवढाच होता: कोकमाच्या आगळाने तुला वाचवलं, की मारायला घेतलं होतं?

त्याआधी आणखी एक छोटा वाद होता, नेपाळ परदेश आहे की नाही हा. तू म्हणायचास, "ज्याला पासपोर्ट लागत नाही ते कसलं रे परदेश?" मी सांगायचो की सीमा आहे, राजा वेगळा, नोटा वेगळ्या, घड्याळसुद्धा, त्या काळी, दहा मिनिटं पुढे. सीमेवर सगळ्यांनी आपापली घड्याळं पुढे केली. तू केलं नाहीस. "माझं घड्याळ कंपनीच्या भोंग्यावर लावलेलं आहे. राजाच्या सांगण्यावरून नाही बदलणार," असं म्हणून शर्टाची बाही खाली ओढलीस. सबंध सहलीत बस सुटताना तू दहा मिनिटं उशिरा यायचास आणि विक्रोळीच्या हिशेबाने मी वेळेवर आहे, असं सगळ्यांना ऐकवायचास.

सहल सावंतकाकांची होती. मुलुंडला राहणारा, मूळचा कणकवलीकडचा हा माणूस दर मे महिन्यात एक बस भरून माणसं कुठेतरी घेऊन जायचा. बरोबर आचारी, स्टोव्ह, तांदळाची पोती, मालवणी मसाल्याचे डबे. माझी बायको तिच्या बहिणीच्या लग्नासाठी माहेरी गेली होती. मी रजेवर घरी बसून काय करणार, असं ठरवून तू माझंही नाव देऊन टाकलंस. काठमांडूच्या धर्मशाळेत आपण वालाची उसळ खाल्ली. तू जेवताना म्हणालास, "बघ. हे तुझं परदेश."

पोखराला निघालो त्या सकाळी तू खिडकीशी पोटावर हात ठेवून बसला होतास. बसमध्ये बहुतेक सगळे आपल्याकडचे, त्यामुळे निदानाला वेळ लागला नाही. पित्त. पोट दुखलं, डोकं दुखलं, अंगावर गांधी उठल्या, की कोकणातल्या माणसाला आधी पित्त होतं, मग बाकीचं काय ते. उपायही ठरलेला. वहिनींनी पिशवीतून आगळाची बाटली काढली. कोकमं मिठात घोळवून काढलेला तो घट्ट, काळपट लाल रस प्रत्येक घरातून प्रवासाला निघतोच. त्यांनी पेलाभर पाण्यात थोडा घालून तुला दिला आणि बाटली परत कपड्यांच्या पिशवीत ठेवली. सावंतकाकांनी मागे वळून ओव्याची पुडी दिली. "चावून खा. पोखराला पोचलो की बघू," म्हणाले. तू खाल्लास. मी खिडकीबाहेर बघत होतो. पोटदुखीसाठी बस थांबवावी असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही.

पुढे चहासाठी बस थांबली. आम्ही सगळे उतरलो, तू जागेवरच राहिलास. तेव्हा काय घडलं ते आम्हाला नंतर कळलं. दुखणं कमी होत नव्हतं, म्हणून तू वाकून पिशवी उघडलीस, बाटली काढलीस आणि पाणी न घालता तशीच तोंडाला लावलीस. एकदा नाही, थोडी थोडी करत. मग झाकण जेमतेम बसवून ती पिशवीत टाकलीस आणि डोळे मिटून घेतलेस. वहिनी चहाचा पेला घेऊन आल्या तेव्हा तू झोपला आहेस असं त्यांना वाटलं.

वळणं सुरू झाल्यावर तुला उलटी झाली. पांढरा शर्ट छातीपासून खाली लाल झाला. पुढच्या सीटची पाठही लाल झाली. सावंतकाका ओरडले, "रक्त!" त्यानंतर बसमध्ये वेगळं काही म्हणणारं कुणी उरलं नाही. वहिनींनाही वेगळं काही वाटलं नाही, कारण त्यांच्या हिशेबाने बाटली पिशवीत होती आणि तुझ्या पोटात फक्त पेलाभर फिक्कं सरबत गेलं होतं. गंमत म्हणजे तुलाही वाटलं नाही. प्यायला होतास तू, आणि शर्टाकडे बघून मला म्हणालास, "आयला, संपलं रे." इतक्या लोकांनी रक्त म्हटल्यावर तूही ते मान्य करून टाकलंस.

ड्रायव्हर तिथलाच होता. पुढच्या गावात मिशनचा दवाखाना आहे हे त्याला माहीत होतं. त्याने कुणाला न विचारता बस तिकडे घातली.

पत्र्याची लांब इमारत, पुढे अंगण, अंगणात वाट बघणारी माणसं. एका माणसाने पाठीवरच्या टोपलीत आपल्या म्हातारीला बसवून डोंगरावरून आणलं होतं. तुला स्ट्रेचरवरून आत नेताना तिने टोपलीतूनच हात जोडले. डॉक्टरीणबाई गोऱ्या, उंच, पिकल्या केसांच्या. नर्सशी नेपाळीत बोलत होत्या, माझ्याशी इंग्रजीत. उलटी कुणी पाहिली, असं त्यांनी विचारलं. मी पुढे झालो. रंग कसा, साधारण किती, आधी दुखणं कधीपासून, सगळं क्रमाने सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

यावरून तू पुढे आयुष्यभर मला छळलंस. "एवढा मोठा पेपरवाला. स्वतःच्या डोळ्यांनी बघून एकच बातमी दिली, आणि ती पण खोटी." कॉलनीच्या गणपतीत, माझ्या मुलीच्या बारशाला, माझ्या संपादकांसमोर. मी कधी बचाव केला नाही. बातमी खोटीच होती.

बाईंनी नाडी पाहिली, पोट वरच्या बाजूला दाबलं. तू सगळीकडेच आखडत होतास. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या की पोटातल्या जखमेतून रक्त जातं आहे असं दिसतं, इथे रक्त देण्याची सोय नाही, काठमांडूला नेलं पाहिजे. दवाखान्याची जीप होती. ती दाराशी आणली गेली. तिचा ड्रायव्हर इंजिनात पाणी घालत होता. ज्या रस्त्याने आपण सकाळपासून आलो होतो, त्याच रस्त्याने तुला आडवं निजवून परत जायचं होतं.

तेवढ्या वेळात मी तुझ्या खाटेशी बसलो होतो. तू माझं मनगट धरलंस. तुझा हात गार होता आणि पकड मात्र फिटरची होती.

"ए पेपरवाल्या. इथेच राहिलो तर?"

मी म्हणालो, जीप तयार आहे.

"ते नाही विचारत. राहिलो तर मला या परदेशात ठेवून जाऊ नको. विक्रोळीला ने. कबूल कर."

तेव्हा तुला ते परदेश झालं होतं. मी ते बोलून दाखवलं नाही. पण तू मागितलंस तेही दिलं नाही. माझ्या डोक्यात सीमा, कागद, अंतर, मे महिन्याचं ऊन, अशी व्यवहाराची यादी आली आणि मी म्हणालो, "तसं आत्ता सांगता येणार नाही, वसंता."

तू माझ्याकडे बघितलंस. "एकदा तरी खोटं बोल की रे," म्हणालास आणि तोंड भिंतीकडे फिरवलंस.

वहिनी त्या वेळी बसमध्ये होत्या. तुला जीपमध्ये घालण्याआधी शर्ट बदलावा म्हणून त्या कपडे आणायला गेल्या होत्या. पिशवीत हात घातला तर तुझा धुतलेला शर्ट ओला, लाल. बनियन लाल. त्यांच्या स्वतःच्या साडीचा पदरही लाल. तळाशी बाटली आडवी पडलेली, झाकण सैल, आत दोन बोटं उरलेलं. त्या अंगणातून पळत आल्या नाहीत, भराभर चालत आल्या. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात तो शर्ट. तुझ्यापाशी जाऊन त्यांनी एकच विचारलं, "अहो, हे प्यायलात तुम्ही?"

तू भिंतीकडेच बघत होतास. मग म्हणालास, "थोडं."

मी बाईंना सांगायला गेलो आणि तिथे माझं इंग्रजी संपलं. कोकम या फळाला इंग्रजीत काय म्हणतात हे मला माहीत नव्हतं. एक फळ, आंबट, लाल, समुद्राकाठी होतं, असं काहीतरी मी सांगत राहिलो. बाईंना वाटत होतं की नातेवाईक घाबरून काहीतरी गावठी औषध पुढे करत आहेत. जीपचं इंजिन सुरू झालं होतं.

वहिनींनी मला हाताने मागे केलं. नर्सच्या टेबलावरचा काचेचा पेला उचलला, त्यात उरलेलं आगळ ओतलं आणि बाईंच्या डोळ्यांसमोर अर्धं पिऊन टाकलं. बिनपाण्याचं. मग जीभ बाहेर काढून दाखवली. लाल होती. ओठांच्या कडेने एक ओघळ हनुवटीवर आला, तो त्यांनी हातातल्या धुतलेल्या शर्टाला पुसला आणि शर्ट बाईंच्या पुढे धरला. तुझ्या अंगावरच्या शर्टावर होता तोच डाग.

बाईंनी पेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं. त्यांचा चेहरा आंबट-खारटाने आवळला. त्या हसल्या नाहीत. पेला खाली ठेवून सरळ तुझ्या खाटेशी आल्या आणि पहिल्यापासून तपासायला लागल्या, जणू मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं. या वेळी त्यांनी हात खाली, उजवीकडे ठेवला. हळूच दाबला आणि एकदम सोडला. दाबताना तू गप्प होतास, सोडताना ओरडलास. अपेंडिक्स. त्यांनी खिडकीतून जीपच्या ड्रायव्हरला हाताने खूण केली. इंजिन बंद झालं.

तुला ऑपरेशनला आत घेतलं तेव्हा सगळी बस अंगणात उभी होती. सावंतकाका बराच वेळ येरझाऱ्या घालत होते. मग त्यांनी टोपी सारखी केली, पायांतल्या वहाणा काढल्या आणि गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. गावच्या देवाला हाक मारून झाल्यावर ते अडले. गाऱ्हाण्यात ज्या जागेवर उभे आहोत तिथल्या राखणदाराचंही नाव घ्यावं लागतं, आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. मग ते म्हणाले, "हयसरचो जो कोण राखणदार आसात, तेका आमी वळखणव नाय. पण आमचो माणूस तुझ्या हद्दीत इलोहा म्हाराजा. तेका सुखरूप घराक पोचव."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. टोपलीतल्या म्हातारीने पुन्हा हात जोडले. मीही म्हणालो. ते तुला कधी सांगितलं नाही. तू त्याचंही भांडवल केलं असतंस.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी आधी वहिनींचा खांदा धरला, मग मला सांगितलं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. त्या रस्त्यावर जीपमध्ये फुटलं असतं. आता तो बरा होईल. मी हे मराठीत सांगितलं आणि वहिनी जमिनीवर बसल्या. पहिल्यांदाच.

बस पुढे गेली. वहिनी आणि मी मागे राहिलो. नर्सने आम्हाला भात दिला, तुला पेज दिली. शुद्धीवर आल्यावर तू विचारलंस, "बाटली उरलीय?" वहिनींनी तुझ्याकडे पाठ केली आणि हसू आवरेना म्हणून बाहेर निघून गेल्या. विक्रोळीला ट्रंक कॉल लागला तो कंपनीच्या ऑफिसात. पलीकडच्या माणसाला मी ओरडून सांगत होतो, की वसंत बरा आहे, ऑपरेशन झालं, बरा आहे. तो पुन्हा पुन्हा विचारत होता, कुठून बोलताय. नेपाळ म्हटल्यावर म्हणाला, "म्हणजे परदेशातून?" मी तोच शब्द ओरडून परत म्हटला, तशी तू खाटेवरून मान हलवलीस. नाही म्हणून.

आता तुझी बाजू.

तू म्हणायचास: "पोटात दुखतंय म्हणून तुम्ही बस थांबवली असतीत? ओवा देऊन पोखराला नेलं असतंत. हॉटेलात अपेंडिक्स फुटलं असतं. लाल बघितलंत तेव्हा तुमची तंतरली, म्हणून दवाखाना दिसला. मला दवाखान्यात कुणी नेलं? आगळाने."

मी म्हणायचो: आगळामुळेच निदान चुकलं. जीप निघाली असती तर वाटेतच कारभार आटोपला असता. तुला बाईंनी वाचवलं, त्यांच्या बोटांनी.

त्यावर तू म्हणायचास, बाईंकडे पोचलो कसा ते आधी सांग. मग मी पुन्हा जीपवर यायचो. असं ते वर्षानुवर्षं चाललं. वहिनी आतून ओरडायच्या, "तुम्ही दोघं गप्प बसा. ते तसलं जहर प्यायले कोण?" मग सोलकढी यायची. तू पहिला घोट घेऊन मुद्दाम छाती धरायचास, माझ्याकडे बघून.

परवा चालताना तुझी बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात मांडली. ती मजबूत आहे. त्या बसमध्ये नुसत्या पोटदुखीला कुणी विचारलं नसतं. मी स्वतः खिडकीबाहेर बघत होतो. लाल रंगाशिवाय बस वळली नसती. हे तू असताना म्हणालो असतो, तर तू जिंकल्याचं जाहीर करून वाद बंद केला असतास, आणि मग रविवारी विक्रोळीला येऊन मी केलं काय असतं?

दुसरी गोष्ट मात्र आपण कधीच बोललो नाही. खाटेवरची. तू मागितलेलं वचन आणि मी दिलेलं नकाराचं उत्तर. परत आल्यावर तू तुझा टाका कुणालाही दाखवायचास, सगळी हकीकत रंगवून सांगायचास, पण तेवढा भाग गाळायचास. मीही गाळायचो. तुला राग राहिला होता का, हे मी विचारलं नाही. एकदाच, तुमच्या गॅलरीत बसलो असताना, खाली कंपनीचा भोंगा झाला आणि तू घड्याळ बघून म्हणालास, "बरोबर चालतंय." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "त्या दिवशी खोटं बोलला असतास तर मला कळलं असतं रे." एवढंच. त्याचा अर्थ मी माझ्या सोयीचा लावला आहे.

तुझ्या शेवटच्या सकाळची हकीकत वहिनींनी सांगितली. चहा झाला होता. तू गॅलरीत खुर्चीवर आमचा पेपर घेऊन बसला होतास. "अगं, इकडे ये. पेपरवाल्याने आज चूक केलीय," अशी हाक मारलीस. त्या हात पुसत आल्या तोवर पेपर मांडीवर होता आणि मान एका बाजूला. खालचे डॉक्टर धावत वर आले. त्यांनी नाडी पाहिली आणि चष्मा काढला. दुखलं नसावं, म्हणाले. तो अंक मी दोनदा वाचला. चूक सापडली नाही. असणार.

खरं सांगतो, वसंता. निरोप आला तेव्हा जे पहिलं वाटलं ते दुःख नव्हतं. पहिला प्रश्न मी विचारला तो, "कुठे होता?" वहिनी म्हणाल्या, "घरी." आणि छातीतलं काहीतरी सैल झालं. इतकी वर्षं ते तिथे घट्ट होतं हे मला ठाऊक नव्हतं. सावंतकाका मुलुंडहून काठी टेकत आले. त्यांनीही तेच विचारलं. "घराकच होतो मा?" हो म्हटल्यावर मान डोलावून म्हणाले, "मग बरा झाला." कुणाला ते विचित्र वाटलं असेल. मला नाही. त्यांनी एका अनोळखी राखणदाराकडे जे मागितलं होतं ते मिळालं होतं, आणि मधली सगळी वर्षं वर मिळाली होती.

अंत्ययात्रेत तिरडीच्या उजव्या बाजूला पुढे मी होतो. कॉलनीच्या फाटकातून बाहेर पडलो, कंपनीच्या भिंतीकडेने गेलो. पाळी सुटायची वेळ होती. बाहेर पडणारी तुझ्या खात्यातली माणसं सायकली थांबवून उभी राहिली, काही जणांनी खांदा घ्यायला सायकली तिथेच टाकल्या. मला कुणीतरी म्हणालं, आता दुसऱ्याला द्या. मी दिलं नाही. त्या दिवशी तुला जे कबूल केलं नव्हतं, ते मला शेवटपर्यंत स्वतः करायचं होतं.

तू विक्रोळीलाच आहेस, वसंता. ही बातमीही मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे, आणि या वेळी ती खरी आहे.